नवा पदपथ बांधण्यापूर्वी अभियंत्याकडे नेमके काय मागावे?

प्रश्न
नमस्कार. पुण्यात आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर महापालिकेचे पदपथाचे काम लवकरच सुरू होत आहे. सध्याचा पदपथ रस्त्यापासून सुमारे एक फूट उंच असून प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तुटतो. त्यामुळे माझ्या आईला आणि शेजारच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या काकांना वाहनांमधूनच जावे लागते. उतार दिले की दुचाकी वर चढतात, म्हणून खांब रोवणार असल्याचे कनिष्ठ अभियंता सांगतात. लेखी मागणीत मापांसह काय लिहावे?

उत्तर १ (स्थापत्य अभियंता)
उताराच्या आधी उंचीविषयी लिहा. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी १०३ या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. उतार १:१२ असा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा असावा लागतो. तुमच्याकडे प्रत्येक फाटकाच्या दोन्ही बाजूंना एवढे उतार दिले, तर मध्ये सपाट जागा फारशी उरणारच नाही. यासाठी पदपथ फाटकांसमोरूनही त्याच पातळीत सलग न्यावा आणि वाहनांसाठीचा छोटा उतार रस्त्याकडच्या कडेला द्यावा. चढण्याचे कष्ट वाहनाने घ्यावेत, माणसाने नव्हे. मागणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी हाच मानतो. शिवाय पुढच्या प्रत्येक डांबरीकरणापूर्वी जुना थर खरवडून काढला जावा, अन्यथा रस्ता वर येतो आणि त्याच्यामागून पदपथही उंच केला जातो.

खांबांविषयी एक अडचण आहे. दुचाकीचे हँडल आणि व्हीलचेअर यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो, त्यामुळे दुचाकीला अडवील पण खुर्चीला वाट देईल, असे अंतर मिळत नाही. दोन खांबांमध्ये किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा मागा. त्याने मोटारी अडतील. दुचाकींवर मात्र पोलिसांनीच कारवाई करायला हवी. पदपथांवरच्या अशा खांबांनी व्हीलचेअरची वाट बंद होते, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

उत्तर २ (पांढरी काठी वापरणारा पादचारी)
वरील सूचना योग्य आहेत, पण त्यात एक भर घालणे मला अत्यंत आवश्यक वाटते. पदपथ संपून रस्ता सुरू झाला, हे मला कडेच्या पायरीवरून काठीला कळते. जिथे उतार रस्त्याला समतल मिळतो तिथे ही खूणच नाहीशी होते आणि मी नकळत वाहनांसमोर जाऊ शकतो. म्हणून उताराच्या तळाशी, त्याच्या पूर्ण रुंदीभर, काठीला व पायाला जाणवणाऱ्या, उठावदार ठिपक्यांच्या फरश्या हव्यात. अशा उठावदार फरश्या १९६७ साली जपानमधील ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या आणि त्यांचा संकेत सोपा आहे: लांब रेषा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. आपल्याकडे मात्र रेषांच्या फरश्या सरळ झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या डीपीवर जाऊन धडकतात. ही फरश्यांची ओळ अडथळ्यांपासून दूर राहील, हे नकाशातच तपासून घ्या. अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी तिचा रंग आजूबाजूच्या फरशीहून ठळकपणे वेगळा असावा.

उत्तर ३ (वकील)
मागणीला कायद्याचा आधार द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सार्वजनिक जागा सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले. त्याच न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, पादचाऱ्यांना पदपथ वापरता येण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे स्पष्ट करून पदपथ दिव्यांगांना वापरता येतील असे असावेत, हेही नमूद केले.

माहितीच्या अधिकारात कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) आणि पदपथाची उंची-रुंदी दाखवणारा आडव्या छेदाचा नकाशा आजच मागा, कारण काँक्रीट ओतल्यावर उंची बदलणे जवळपास अशक्य होते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या आणि त्याची प्रत पुण्यातीलच दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवा. शक्य झाल्यास ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होण्यापूर्वी काकांना व्हीलचेअरसह आणि एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला काठीसह संयुक्त पाहणीला बोलावण्याची विनंती त्याच अर्जात करा.