मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यासाठी 'खास मापाचे' जिग घ्यावेत का? (उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय)

कृष्णाकाठची
घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर काल म्हणाले, तिच्या मापाचे जिग, म्हणजे कापायचे साचे, बनवून घेऊ, तीन आठवडे लागतील, वेगळे ४५ हजार. टीपीएवाले (विम्याचे क्लेम बघणारे) म्हणतात, हे पैसे मिळणार नाहीत. बिलिंगच्या खिडकीवर विचारलं तर "लेटेस्ट आहे मॅडम" एवढंच उत्तर. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. खरंच फरक पडतो का? की नेहमीच्या हत्यारांनी करा म्हणून सांगू?

शिरीष ठाणेकर
आईंचं वय? शुगर, बीपी? एकच गुडघा की दोन्ही? सीटी सांगितलाय की एमआरआय? आणि डॉक्टरांनी कारण काय दिलं? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

नंदूकाका
ताई, ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या मेहुणीने आठ किलो वजन उतरवलं, रोज मांडीचे व्यायाम केले, चार वर्षं झाली, अजून जिना चढते. आधी सहा महिने हे करून बघा.

कृष्णाकाठची
काका, ते सगळं करून झालंय. पाय धनुष्यासारखा वाकलाय, रात्री कूस बदलताना ओरडते. ऑपरेशन करायचंच आहे, प्रश्न फक्त जिगचा आहे.
शिरीष, वय ६८. शुगर आहे, गोळीवर ताब्यात आहे. एकच गुडघा. सीटी सांगितलाय, तोही कमरेपासून घोट्यापर्यंत. दुखतोय गुडघा, कमरेचा सीटी कशाला?

अनघा पुणे
आम्ही केलंय! बाबांच्या मापाचा गुडघा बनवून घेतला होता, एकदम फिट बसला. पैशाकडे बघू नका.

ओटीतला माणूस
अनघाताई, गैरसमज होतोय. सांधा कुणाच्या मापाचा बनत नाही, तो कंपनीच्या ठरावीक साइझमध्येच येतो. मापाचा बनतो तो हाड कापायचा साचा, म्हणजेच जिग. मी बारा वर्षं ऑर्थोच्या (हाडांच्या) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, म्हणून सांगतो. सीटीवरून कॉम्प्युटरमध्ये हाडाचं मॉडेल करतात, सर्जन त्यावर कुठे किती कापायचं ते ठरवतात, मग नायलॉनचे दोन साचे थ्रीडी प्रिंट होऊन येतात. एक मांडीच्या हाडासाठी, एक नडगीसाठी. हातात घेतला तर साबणाच्या पेटीएवढा, पांढरट, किंचित खरखरीत. वर पेशंटचा नंबर आणि उजवा-डावा कोरलेला असतो. आतली बाजू त्याच हाडाच्या उंचसखल भागावर बसते. बसला की पिना मारायच्या आणि त्या खुणेवर कापायचं.
कमरेचा सीटी यासाठी की पायाची रेषा खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत धरतात. नुसत्या गुडघ्यावरून ती कळत नाही.

अनघा पुणे
अच्छा. मग घरी आहे तो साचाच. निघताना सिस्टरांनी दिला होता, मी इम्प्लांटचा नमुना समजत होते.

अस्थि_पीजी
ऑर्थोचा विद्यार्थी आहे. स्पष्ट लिहितो. साध्या गुडघ्यात या साच्यांनी पेशंटचं दुखणं कमी होतं किंवा चाल सुधारते, असं तुलनात्मक अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. हत्यारांच्या पेट्या कमी लागतात, थोडा वेळ वाचतो, एवढंच. ४५ हजार खिशातून जाणार असतील तर माझं मत नाही असं आहे. तेच पैसे तीन महिन्यांच्या चांगल्या फिजिओथेरपीला ठेवा.

विक्रांत नाशिक
साचेबिचे आता जुने झाले. रोबोटिक करा. हाड कापतानाच बदल करता येतो, साचा एकदा छापला की छापला.

अस्थि_पीजी
रोबोटचा खर्च किती ते पण लिहा मग. आणि विचारलंय साच्याचं.

विक्रांत नाशिक
खर्च जास्त आहे, मान्य. पण तो आईचा पाय आहे.

लेले काका (निवृत्त)
ही कल्पना नवी नाही. जर्मनीत आखेनला राडरमाखर नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सीटीवरून एकेका रुग्णाच्या हाडाचे साचे करण्याची पद्धत मांडली, त्यांचा लेख १९९८ चा आहे.
पैशांचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या भागांना कमाल दर लावले. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा पूर्ण सांधा तेव्हा ५४,७२० रुपये ठरला, अधिक जीएसटी. मांडीकडचा भाग २४,०९०, नडगीकडचा १६,९९०, मधलं प्लास्टिक ९,५५०, वाटी ४,०९०. हे दर नंतर बदलतात, चालू तक्ता मागा. या भागांत साचा नाही, म्हणून बिलात तो स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, इम्प्लांटमध्ये मिसळू देऊ नका.

शिरीष ठाणेकर
कृष्णाकाठची, कारण अजून लिहिलं नाहीत. डॉक्टर प्रत्येकाला साचा सांगतात की फक्त आईंना?

कृष्णाकाठची
शेजारच्या काकूंचं याच डॉक्टरांनी केलं, त्यांना नाही सांगितलं. म्हणूनच तर संशय आला!

ओटीतला माणूस
ताई, आईंच्या मांडीत काही धातू आहे का? जुनं फ्रॅक्चर, प्लेट, रॉड?

कृष्णाकाठची
हो, रॉड आहे ना. १९९४ मध्ये स्कूटरवरून पडली होती, मिरजेला घातला. तो मांडीत आहे, कधी त्रास नाही. त्याचा गुडघ्याशी काय संबंध?

ओटीतला माणूस
सगळा संबंध तोच! नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाला गुडघ्याकडून भोक पाडून आतल्या पोकळीत लांब सळई सरकवतात, आणि कापायचा कोन त्या सळईवरून धरतात. आईंच्या पोकळीत आधीच रॉड बसलाय. सळई जाणार कुठून? साचा हाडावर बाहेरून बसतो, आत काही घालावं लागत नाही.

अस्थि_पीजी
मी वर लिहिलेलं मागे घेतो. ते साध्या गुडघ्यासाठी होतं. आत रॉड असेल किंवा जुनं हाड वाकडं जुळलं असेल, तिथे साच्याला खरा अर्थ आहे. नाहीतर तीस वर्षांचा रॉड काढायचा, म्हणजे आणखी एक ऑपरेशन, आणि मुरलेला रॉड सहज निघत नाही. सीटी का, एमआरआय का नाही, तेही आता कळलं. धातूजवळ एमआरआयचं चित्र बिघडतं.

विक्रांत नाशिक
रोबोटलाही पोकळीत सळई लागत नाही, एवढं सांगून थांबतो.

अस्थि_पीजी
बरोबर आहे. नॅव्हिगेशनलाही (कॉम्प्युटर कापायची रेषा दाखवतो ते) लागत नाही. त्यांच्या डॉक्टरांकडे जे आहे आणि ज्यावर त्यांचा हात बसलाय, ते महत्त्वाचं.
ताई, उद्या दोन गोष्टी विचारा. रॉडचं खालचं टोक सांध्यापासून किती वर आहे? फार खाली असेल तर साचा असूनही रॉड काढावा लागू शकतो. आणि साचा नीट बसला नाही तर काय करणार?

ओटीतला माणूस
आमच्याकडे नेहमीच्या हत्यारांच्या पेट्या ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून बाजूला तयार असतातच. पण आईंच्या बाबतीत मांडीची सळई चालणार नाही, म्हणून हे आधीच विचारलेलं बरं. आणि टीपीएला अर्ज करताना रॉडचा एक्सरे आणि डॉक्टरांची कारण लिहिलेली चिठ्ठी जोडा. "लेटेस्ट आहे" म्हणून मागितलेला खर्च आणि "पोकळीत रॉड आहे" म्हणून मागितलेला खर्च यांत फरक आहे.

कृष्णाकाठची
आत्ताच डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, "अहो, रॉड असल्यामुळेच तर सांगतोय, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." टोक बरंच वर आहे म्हणाले. साचा बसला नाही तर नॅव्हिगेशनचं मशीन त्या दिवशी मागवून ठेवतील. होकार दिला. चिठ्ठी उद्या देतायत. सीटी शनिवारी अकराला. उपाशीपोटी जायचं का? शुगरची गोळी?

ओटीतला माणूस
या कामाला साधा सीटी असतो, डाय टोचत नाहीत. तरी उपाशीपोटी यायचं का आणि गोळीचं काय, याची सेंटरला फोन करून खात्री करा, आणि मांडीत रॉड आहे हे टेक्निशियनला आधीच सांगा. आत पाय हलवू नका म्हणावं, हलला तर माप चुकतं. मिरजेचे जुने कागद आहेत का?

कृष्णाकाठची
आई म्हणते, पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. काढते.