दर्ग्यातच ओपीडी का नको?

दादा, ‘सरकारी दवाखाना आहे, तरी ही माणसं दर्ग्यातच जातात’ असं तुम्ही मनाच्या आजारांवरच्या वरच्या लेखात लिहिलंय. ते एवढ्यावर सोडू नका.

मी परभणीची. शेजारच्या खालांना (मावशींना) रात्र-रात्र झोप नाही, छातीत धडधड. डॉक्टरांना त्या आपल्या दख्खनी उर्दूत म्हणाल्या, “जी घबराता”, म्हणजे जीव घाबरा होतो. मराठीत सांगायला बारा वर्षांचा नातू. तो म्हणाला, “पोटात गडबड आहे.” केसपेपर काढून मी आत पोहोचेपर्यंत गॅसच्या गोळ्या लिहून झाल्या होत्या. लेकीचं घर मोडलंय, हे त्या नातवादेखत कशा बोलणार? ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू, पण मोबाइल मुलाच्या खिशात. दर्ग्यात मात्र बाईमाणूस तासभर रडली तरी कुणी उठवत नाही.

गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावरच (दर्ग्याचे सेवेकरी) माणसाला मानसोपचार डॉक्टरकडे पाठवतात. दुआ बंद करा असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला केवढी गर्दी लोटते! तिथे एक आडोशाची खोली आणि दख्खनी समजणारी समुपदेशक बाई हवी. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्कच दिलाय. जिल्हा रुग्णालयाकडे तसा अर्ज द्यायला मी तयार आहे, सह्यांना कोण येतंय?