मदत हवी आहे: मुलाला फ्रॅटर्निटीत जायचंय, आधी काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. एका फ्रॅटर्निटीने (कॉलेजच्या मुलांची सदस्य निवडून घेणारी संघटना) त्याला बोलावलंय आणि या आठवड्यात होय-नाही कळवायचंय.

त्याला अडवायचं नाही. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला आपली माणसं हवीत, हे कळतं. पण पेन स्टेट विद्यापीठाच्या (पेन्सिल्व्हेनियातलंच) टिमथी पियाझाचं प्रकरण डोक्यातून जात नाही. फेब्रुवारी २०१७, नव्या मुलांना आत घेण्याची रात्र. भराभर दारू पाजली, १९ वर्षांचा तो मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेलं, तरी मदत बोलावली दुसऱ्या दिवशी सकाळी. तो वाचला नाही.

त्यानंतर पेन स्टेटने दारूच्या पार्ट्या सत्राला ४५ वरून १० वर आणल्या, केग (बिअरची मोठी पिंपं) बंद केले, शिस्तीची कारवाई विद्यार्थ्यांच्या मंडळाकडून काढून स्वतःकडे घेतली. हे शेवटचं मला सगळ्यात रास्त वाटतं. मित्रांनीच मित्रांचा न्याय कसा करायचा?

मुलगा म्हणतो, "आई, आता कडक नियम आहेत, हेझिंग होत नाही." (हेझिंग म्हणजे नव्या मुलांचा रॅगिंगसारखा छळ.) मग प्लेजिंगमध्ये, म्हणजे सदस्य होण्याआधीच्या उमेदवारीच्या काळात, काय करायचं असतं विचारलं, तर "ते बाहेर सांगायचं नसतं." इथेच माझा जीव अडकतो. शिवाय पार्टी गावातल्या भाड्याच्या घरात केली तर नियम बघणार कोण?

या चॅप्टरवर (फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेवर) आधी कारवाई झाली होती का, हे पालकांना कुठे कळेल? ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १
ताई, टिमथीच्या नावाने पेन्सिल्व्हेनियात २०१८ मध्ये कायदा झालाय. त्यामुळे विद्यापीठाला हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल वेबसाइटवर ठेवावाच लागतो. त्यात चॅप्टरचं नाव शोधा. मुलाला दोन गोष्टी नक्की सांगा. "तो स्वतःच तयार होता" हा बचाव या कायद्यात चालत नाही. आणि कोणी पडलं, शुद्ध हरपली, तर थेट ९११ ला (आपत्कालीन मदतीचा नंबर) फोन. स्वतःचं नाव सांगून मदत बोलावणाऱ्या आणि त्या मुलाजवळ थांबणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
मनापासून आभार. अहवाल मिळाला, चॅप्टरचं नाव त्यात आहे. शिक्षा "प्रोबेशन" (ठरावीक काळ देखरेखीखाली) लिहिलीय. ते अजून चालू आहे का, हे डीनच्या ऑफिसला मी विचारू शकते, की मुलानेच विचारायला हवं?