विषय: घरी बसून करायचं काय?

प्रेषक: कार्यवाह
रविवार, १९ एप्रिल २०२०

सप्रेम नमस्कार मंडळी,

कोरोनामुळे हॉलचं बुकिंग रद्द झाल्याचं पत्र काल आलं. म्हणजे जूनपर्यंतचे सगळे कार्यक्रम आता अधिकृतपणे गेले. अनामत परत मिळेल, खजिनदार मागे लागलेले आहेत.

महिनाभरात बऱ्याच जणांचे फोन आले. सूर एकच, घरात बसून कंटाळलो, मंडळाने काहीतरी काढा. म्हणून कार्यकारिणीने एक तक्ता केला आहे, सोबत जोडतो: 'एकवीस दिवस, एकवीस नव्या गोष्टी'. आपल्या नावापुढे रोज काय नवीन शिकलो ते भरायचं. शेवटी झूमवर पहिल्या तिघांचं कौतुक करू.

१६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन घरी गेला आणि तिथे बसून त्याने केवढं काम केलं! आपल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं. आपण तर इंटरनेटसकट स्वतःच्या घरात आहोत. तेव्हा भरा पटापट.

आपला,
कार्यवाह

—

प्रेषक: बालवर्गताई
१९ एप्रिल, रात्री ११.४०

दादा, राग मानू नका, पण तक्ता उघडला आणि बंद केला.

न्यूटन तेव्हा बावीस वर्षांचा होता. लग्न नाही, मुलं नाहीत. आणि त्याचा मुख्य ग्रंथ, प्रिन्सिपिया, छापून आला १६८७ मध्ये. वीस वर्षं लागली, एकवीस दिवस नव्हे. टिळकांच्या दिमतीला मंडालेत स्वयंपाक करणारा एक कैदी होता. माझ्या दिमतीला एक नऊ वर्षांची आणि एक पाच वर्षांचा आहे. दोघांच्या शाळा एकाच लॅपटॉपवर, माझं ऑफिस फोनवर, आणि नवरा हॉस्पिटलच्या ड्यूटीवर. तो घरी आला तरी कपडे बदलून आंघोळ होईपर्यंत पोरांना त्याच्यापासून अडवून धरायचं, हे आणखी एक काम.

'आता काय, वेळच वेळ' हे इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं उठतं. ज्यांना वेळ मिळालाय त्यांनी खुशाल काहीतरी करा, पण त्याची शर्यत लावू नका. आणि पहिल्या तिघांचं कौतुक तर नकोच नको.

आठवड्यातून पंधरा मिनिटं, बसल्या जागी, मध्येच सोडून उठलं तरी बिघडणार नाही, असं काही असेल तर मला सांगा.

—

प्रेषक: ग्रंथपेटीवाले काका
२० एप्रिल

मंडळी,

तक्त्यात माझ्या नावापुढे शून्य लिहा. नवीन काही शिकलेलो नाही. पण मार्चअखेरपासून जे करतोय ते सांगतो, बालवर्गताईंच्या मापात कदाचित बसेल.

ग्रंथालय बंद झालं तेव्हा आपली पुस्तकांची पेटी माझ्या घरात येऊन पडली आणि मी पेटीशेजारी. पहाटे साडेचारला जाग येते. त्या वेळी बातम्या उघडल्या की दिवसाचं मातेरं होतं. अशातच रेडिंग विद्यापीठातल्या हवामानवाल्यांनी एक हाक दिलेली पाहिली. ब्रिटनमधल्या पावसाच्या जुन्या नोंदींचे सुमारे ६५ हजार कागद त्यांनी झूनिव्हर्स या संकेतस्थळावर टाकले होते. सगळं हाताने लिहिलेलं. एका कागदावर एका ठिकाणाचा दहा वर्षांचा पाऊस, महिन्यावार. संगणकाला ते अक्षर धड वाचता येत नाही, म्हणून माणसांनी बघायचं आणि आकडे टंकायचे. बस्स, एवढंच.

चौकशी नाही, परीक्षा नाही. कागद समोर येतो, एक रकाना भरायचा, हवा तर दुसरा घ्यायचा. तोच कागद आणखी काही जणांपुढेही जातो, त्यामुळे माझा एखादा आकडा चुकला तर आभाळ कोसळत नाही. कुणाचा सात एकासारखा, कुणाचा तीन आठासारखा. एका समासात लिहिलं होतं की मापकाचं भांडं गळतंय. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी रोज सकाळी उठून ते भांडं बघत होता, आणि त्याने मोजलेला पाऊस मी माझ्या स्वयंपाकघरात बसून उतरवत होतो. मला हे फार आवडलं. का आवडलं ते बायकोला नीट सांगता आलं नाही.

१६ हजारांवर माणसं जमली आणि १६ दिवसांत ५२ लाख नोंदी उतरवून मोकळी झाली. सतराव्या दिवशी मला करमेना.

म्हणून आता मराठी विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात बसतो. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की भारतीय कायद्याप्रमाणे त्याची पुस्तकं सगळ्यांची होतात. तशी जुनी पुस्तकं स्कॅन करून तिथे चढवलेली आहेत. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला संगणकाने वाचलेला मजकूर. संगणक 'ख' चं 'रव' करतो, 'ध' आणि 'घ' मध्ये गोंधळतो, 'भ' चा 'म' करतो. ते आपण दुरुस्त करायचं. कुणी न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतःचं पिवळं पान स्वतः हिरवं करता येत नाही, तिथे दुसरा माणूसच लागतो.

माझी चाळीस पिवळी पानं तशीच पडून आहेत.

—

प्रेषक: नवीन सभासद
२० एप्रिल, रात्री

नमस्कार. मी डिसेंबरात इथे आलो. तुम्ही मला संक्रांतीच्या कार्यक्रमात खुर्च्या लावताना पाहिलं असेल, त्यापलीकडे ओळख नाही.

मागच्या महिन्यात नोकरी गेली. तेव्हा मला वेळ खरंच आहे, तक्ता भरायला मी आदर्श उमेदवार. ऑनलाइन चार कोर्स सुरू केले, चारही दुसऱ्या आठवड्यात सुटले. गिटारचे तीन सूर येतात. व्यायामाचा व्हिडिओ लावतो आणि कॉटवर बसून बघतो.

शिकायला काही नाही असं नाही. प्रश्न असा आहे की मी ते आज केलं काय, उद्या केलं काय, न केलं काय, कुणाला फरक पडत नाही. ऑफिस होतं तेव्हा निदान कुणीतरी विचारायचं, झालं का म्हणून. सकाळ कशीतरी जाते. संध्याकाळी पाच ते आठ फार लांब असतात.

काका, पिवळी पानं मला द्या. मराठी दहावीपर्यंतचं आहे, चालेल ना?

—

प्रेषक: नाटकवाली मावशी
२१ एप्रिल

बाळा, दहावीपर्यंतचं चालतं, काकांचं तरी कुठे त्यापुढचं आहे.

माझंही सांगते. लांबलं तर लांबलं, या वर्षी नाटक नाही तर निदान एवढं स्वगत सहन करा.

माझी आई चौऱ्याऐंशीची, तिकडे भारतात एकटी. विमानं बंद आहेत, जाता येत नाही. रोज फोन करायचे. पण आमचा फोन म्हणजे हजेरी. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार बंद ठेवतेस ना, बाहेर जाऊ नकोस. ती म्हणायची, हो, हो, हो, बरं ठेव आता, मालिका लागेल. चार मिनिटांत खेळ खलास. फोन ठेवला की आम्ही दोघी आणखी घाबरलेल्या.

म्हटलं हिच्या आठवणी तरी विचाराव्यात. तर विचारलं, 'आई, तुझ्या लहानपणीच्या आठवणी सांग ना.' ती म्हणाली, 'त्यात काय सांगायचं, सगळ्यांसारखंच.' संपलं. चूक माझीच. असं विचारलं की माणसाला वाटतं आता भाषण द्यायचंय.

नाटकात सेट लावताना आम्ही आधी जमिनीवर खडूने खोल्या आखतो. त्यावरून सुचलं. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि विचारलं, 'तुझ्या माहेरच्या घरात दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काय होतं?'

'डाव्या हाताला? कोनाडा.'

'कोनाड्यात काय?'

'कंदील. आणि त्यामागे तात्यांची पेन्सिल, दोरीने बांधलेली. आम्ही पळवायचो म्हणून.'

मग कंदिलाची काच कोण पुसायचं, ती फुटली तेव्हा कुणाला मार बसला, मार खाणाऱ्याने तीन दिवस कुणाशी बोलणं कसं टाकलं, आणि तो मामा पुढे घर सोडून गेला तो का. पंचावन्न वर्षांत हे मी ऐकलेलं नव्हतं. मालिका सुरू होऊन संपली, तिला पत्ता नाही. मला माजघरापर्यंत पोचायला पाच दिवस लागले.

करून पाहणाऱ्यांसाठी माझ्या चुका. आधी सांगून रेकॉर्ड करा, चोरून नको. आई पहिली पाच मिनिटं आकाशवाणीवर असल्यासारखी बोलते, मग विसरते. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावायचा, पंखा बंद. सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते मोठ्याने म्हणायचं, म्हणजे पुढे फाइली सापडतात. प्रत दोन ठिकाणी ठेवा, माझी पहिली फाइल मीच पुसली. ती गप्प झाली की आपणही गप्प बसायचं. मला हेच सगळ्यात जड जातं, तुम्हाला माहीतच आहे. आणि तारखा दुरुस्त करू नका. 'अगं, ते त्या साली नव्हतंच' म्हटलं की गेलं.

कधी ती रडते. तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारत नाही, कागदावर नुसती भिंत काढत बसते. तीच मग म्हणते, खिडकी राहिली.

काल तिनेच फोन केला. म्हणाली, 'तू जिना उजवीकडे काढलायस ना? रात्री आठवलं, डावीकडे होता.'

कार्यवाहसाहेब, तक्त्यात हे कुठे बसवू? नवीन तर काहीच नाही.

—

प्रेषक: नवीन सभासद
२६ एप्रिल

काका, तुमची अकरा पानं पाहिली. नऊ हिरवी केली. पान ११८ वर चौथ्या ओळीत तुम्ही 'घन' ठेवलंय, तिथे 'धन' आहे. चित्र मोठं करून तीनदा पाहिलं. पान १२१ वर आख्खी एक ओळ सुटलीय.

पाच ते साडेसात बसतो. आज आठ वाजले ते कळलं नाही.

—

प्रेषक: ग्रंथपेटीवाले काका
२६ एप्रिल

११८ ला माझा चष्मा जबाबदार. १२१ ला मी. पहाटेची वेळ होती आणि बायकोने हाक मारली, असं लिहिणार होतो, पण ती झोपलेली होती.

पोरा, तू रोज पाचला बसणार म्हणून मी आता सकाळची सहा पानं दुपारच्या आत संपवतो. निवृत्तीनंतर इतकी घाई पहिल्यांदाच.

—

प्रेषक: बालवर्गताई
शनिवार, २ मे

पंधरा मिनिटांचा हिशेब देते.

पहिल्या आठवड्यात काही केलं नाही. आंघोळीनंतर तशीच न्हाणीघरात स्टुलावर बसून राहिले, दार लावून. आणि मला तेही चाललं. कुणी उपक्रम म्हणून मोजणार असेल तर मोजा.

दुसऱ्या आठवड्यात लेकीला मावशींच्या आईंना फोन लावून दिला. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं, माझ्यासमोर वाचायला लाजते. आजींना मोतीबिंदू, ऑपरेशन पुढे ढकललंय, वाचता येत नाही. दोघींचं जमलं. ही अडखळली की आजी शब्द पुरा करतात. 'ज्ञ' वर दोघींनी पाच मिनिटं काढली. मी पलीकडच्या खोलीत मीटिंगला होते, सगळं ऐकू येत होतं, मीटिंगमधलं मात्र काही नाही.

आता मंगळवार आणि शुक्रवार ठरलाय. काल सहा वाजून गेले आणि हिचा फोन गेला नाही, तर तिकडून मिस्ड कॉल आला.

—

प्रेषक: नाटकवाली मावशी
२ मे

मला हल्ली आई सांगते, 'आज लवकर आटप, माझी मुलगी वाचायला येणार आहे.' मी कोण मग?

—

प्रेषक: कार्यवाह
रविवार, ३ मे

मंडळी,

तक्ता काढून टाकला आहे. खरं सांगायचं तर तो भरणारा मी एकटाच होतो, आणि सहाव्या दिवसापासून खोटं भरत होतो. न्यूटनही मागे घेतो.

त्याऐवजी दोन साध्या याद्या करतो. एक, ज्यांच्या घरी, इथे किंवा तिकडे, कुणी एकटं आहे आणि ठरलेल्या वेळी फोन आला तर बरं वाटेल. दुसरी, ज्यांना असा फोन करता येईल. दोन्हींची नावं इथे सगळ्यांच्या मेलवर नको, मला वेगळं कळवा. नंबर देण्याआधी त्या माणसाला विचारून घ्या. फोन करणाऱ्यांना एकच विनंती, वेळ दिली की पाळा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा. पलीकडे माणूस फोनजवळ बसलेला असतो, हे मला माझ्या वडिलांनी काल सुनावलं. जरा झोंबलं.

विकिस्रोत ज्यांना करायचंय त्यांना काका शनिवारी झूमवर दाखवतील. काका, मागच्या वेळी अर्धा तास म्यूट होतात, या वेळी आधी दहा मिनिटं येऊन बसा.

हॉलची अनामत आली.

—

प्रेषक: ग्रंथपेटीवाले काका
४ मे, पहाटे ५.१०

पान ११८ काल रात्री हिरवं होतं. आता पुन्हा पिवळं दिसतंय. पानाच्या बदलांच्या इतिहासात बालवर्गताईंचं नाव आहे, वेळ रात्री पावणेबारा. ताई, आता काय सापडलं?

—

प्रेषक: बालवर्गताई
४ मे

अनुस्वार.