मुलाच्या पोटात फीडिंग ट्यूब बसवायची का? घरात एकमत होत नाहीये

सिडकोची_आई:
नमस्कार सगळ्यांना. मुलगा सहा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, चारही हातपाय कडक, मान धरत नाही, फिट्सची औषधं चालू. मऊ वरणभात नाहीतर नाचणीचं सत्व भरवतो, पण एका जेवणाला तास जातो, निम्मं बाहेर येतं आणि ठसका लागला की पोर काळंनिळं पडतं. मागच्या थंडीत न्यूमोनियाने सारखं ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणतात घास श्वासनलिकेत जातोय, पेग बसवू, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात जाणारी फीडिंग ट्यूब. सासूबाई म्हणतात लेकराच्या पोटाला भोक नको, मी भरवीन हळूहळू, आणि खरंच दुपारी त्याच भरवतात, मांडीवर घेऊन, गप्पा मारत. त्यांचं मन मोडवत नाही, पण याचं वजनही वाढत नाहीये. घरी जमतं का हे सगळं? आणि लाईट गेली की लाळ-कफ ओढायच्या सक्शन मशीनचं काय करता?

पंचवटीकर_मम्मी:
ताई जमतं. माझ्या मुलीला बसवलीय, आधी मलाही त्या नळीला हात लावायची भीती वाटायची. फीड देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं वर ठेवायचं, आडवं करून कधीच द्यायचं नाही. फीड झालं की सिरिंजने पाणी सोडायचं नाहीतर नळी तुंबते, औषधाची गोळी डॉक्टरांना विचारून, अगदी बारीक कुटून. एक मात्र आत्ताच लक्षात ठेवा, नळी निघून आली तर छिद्र काही तासांतच बुजायला लागतं, लगेच हॉस्पिटल गाठायचं, नवीन असताना घरी परत घालायचा प्रयत्न नको.
आजींबद्दल, डॉक्टरांना विचारा की चवीपुरतं तोंडाला लावलं तर चालेल का. आमच्याकडे परवानगी मिळाली, म्हणून आजी बोटावर थोडं श्रीखंड चाटवते, पोट नळीने भरतं. भरवायचं सुख त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

फिजिओ_नाशिकरोड:
पेगने जेवणाचा ठसका थांबतो, पण लाळ छातीत जाऊ शकते आणि रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं वर घशाकडे येणं, असेल तर तोही राहतो, त्यामुळे न्यूमोनिया कायमचा बंद होईल असं धरू नका, छातीची फिजिओ चालूच ठेवा. रिफ्लक्सचं आधीच विचारून घ्या. रात्री कूस बदलता ना? खुब्याचे एक्स-रे मधूनमधून काढत जा, एवढ्या कडक मुलांत खुबा हळूहळू सरकतो आणि दुखतं हे मूल सांगू शकत नाही.

गंगापूररोड_बाबा:
कागदांचं सांगतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सिव्हिलला होते. त्यानंतर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा पॉलिसी काढा, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे, आधीचा आजार म्हणून नाकारत नाहीत, थेरपीची बिलंसुद्धा त्यात बसतात. मिस्टरांना इन्कम टॅक्समधली 80डीडी म्हणून ओळखली जाणारी, घरातल्या दिव्यांगासाठीची वजावट सांगा, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1 लाख 25 हजारांची वजावट, पण जुनी कर पद्धत घेतली असेल तरच.
सक्शन बॅटरीवालं घ्या, वर पायाने चालणारं एक साधं ठेवा, महावितरणचा भरवसा नाही.

सिडकोची_आई:
खूप आभार सगळ्यांचे. पंचवटीकर ताईंचं वाचून दाखवलं, सासूबाई म्हणाल्या डॉक्टरांकडे मीपण येते, मलाच विचारू दे. यूडीआयडी आहे, निरामयचं माहितीच नव्हतं. पंचवटीकर ताई, नळीतून घरचं गाळून देता की डब्यातली पावडर?

पंचवटीकर_मम्मी:
दोन्ही, पण डाएटिशियनने प्रमाण लिहून दिलंय त्याप्रमाणे. घरचं दोनदा गाळते, एक शीत राहिलं तरी अडकतं.