पश्चात्ताप स्वस्त नाही, ताई

‘माफी मागितली की पाप माफ, मग पुन्हा करायला मोकळे’ असं ख्रिस्ती पश्चात्तापाबद्दल एका ताईंनी लिहिलंय. ताई, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 19व्या अध्यायातला जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशूनं त्याला आधी हिशेब विचारला नाही. खाली उतर, आज तुझ्याच घरी मुक्काम, एवढंच म्हटलं. प्रीती आधी आली. मग जक्कय आपणहून बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. पश्चात्तापासाठी नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. नुसतं रडणं नव्हे.

आमच्या आजोबांनी शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी थोडा थोडा कोरून दोन तासं (पिकाच्या दोन ओळींची जमीन) आपल्या वावरात घेतली होती. हा उतारा ऐकल्यावर पेरणीआधी स्वतः वखर घेऊन गेले, जुना धुरा होता तिथं पुन्हा घालून दिला. विश्वास वगैरे शब्द ते फारसे वापरत नसत. शेजारी मात्र पक्का वऱ्हाडी: “चौपट राहू दे बापू, पऱ्हाटीचं नुकसान तेवढं भरून दे.” पऱ्हाटी म्हणजे कपाशी.

तेही भरलं. दोन हंगाम लागले.