डब्याव्यतिरिक्त दिवसाला ३० रुपये: एवढ्यात वजन कसे वाढवावे?

अकरावी_विज्ञान

नमस्कार. मी १६ वर्षांचा असून बीड जिल्ह्यातील आमच्या गावाहून या जूनमध्ये अकरावी विज्ञान शाखेसाठी लातूरला आलो आहे. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे आणि परवा औषधाच्या दुकानातील काट्यावर वजन ४१ किलो भरले. वर्गात मी सर्वांत लहान दिसतो. बसमध्ये वाहक आजही अर्धे तिकीट काढू का असे विचारतात, आणि खोलीतील मुले पापड पैलवान म्हणून हाक मारतात. त्याचे वाईट वाटते, पण त्याहून अधिक त्रास असा, की दुपारी तीननंतर क्लासमध्ये डोळ्यांसमोर अंधारी येते आणि फळ्यावरचे काहीच डोक्यात शिरत नाही.

खोलीत सहा कॉट आहेत. गॅस वापरण्यास मनाई आहे, फक्त विजेची किटली चालते. दोन वेळचा डबा लावलेला असून त्याचे पैसे वडील महिन्याला भरतात. त्याखेरीज खाण्यासाठी माझ्या हाती दिवसाला ३० रुपये असतात आणि त्यांतले १५ सकाळच्या चहा-बिस्किटांत जातात. डबा सकाळी साडेदहाला येतो, पण मी तो क्लास सुटल्यावर दीडच्या सुमारास खातो. त्यात चार चपात्या, भाजी, वरण आणि भात असतो. तोवर चपाती वातड झालेली असते, त्यामुळे एक तरी उरतेच. रात्रीचा डबा नऊ वाजता खातो. घरी माळ आहे, म्हणून अंडी, मांस, मासे काहीही चालत नाही.

खोलीतील एक मित्र वजन वाढवण्याची पावडर घे म्हणतो. तिचा डबा अडीच हजारांचा आहे. सोयाबीन विकले की वडील पैसे देतील, त्यांनी मला कधी नाही म्हटलेले नाही, पण मागायला जीभ रेटत नाही. पावडर खरोखर आवश्यक आहे का, आणि नसेल तर या ३० रुपयांत काय करता येईल, हे कृपया जाणकारांनी सांगावे. आई म्हणते की काही खाल्ले तरी माझ्या अंगाला लागत नाही.

गृहविज्ञान_शिक्षिका

बाळा, पावडरीसाठी वडिलांकडे पैसे मागू नकोस. अशा डब्यावरील घटकांची यादी एकदा नीट वाचून पाहा. बहुतेकांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे स्टार्चपासून केलेले पीठ आणि दुधाची भुकटी यांचाच भरणा जास्त असतो, आणि याच गोष्टी किराणा दुकानात व डेअरीवर त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात. मी तीस वर्षे गृहविज्ञान शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे वसतिगृहाचा भटारखाना सांभाळला, त्यामुळे तुझ्या पत्राचा मी आधी हिशेबच मांडला.

चपातीच्या साधारण १०० कॅलरी धरल्या, तर तीन चपात्या, वरण-भात आणि भाजी मिळून तुझ्या एका डब्यातून ७०० ते ८०० कॅलरी पोटात जात असाव्यात. दोन डबे आणि चहा-बिस्किटे धरून दिवसाची बेरीज १,८०० ते १,९०० च्या पुढे जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ३,३२० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिने ही गरज सांगितली आहे. तो आकडा तुझ्याहून बऱ्याच भरलेल्या मुलाचा आहे, त्यामुळे तो तुला जसाच्या तसा लागू होणार नाही; तरीही अंतर किती आहे ते कळते. आईला सांग की अंगाला न लागण्याचा प्रश्न पुढचा आहे, आधी पोटातच कमी जाते आहे.

आता ते ३० रुपये. चहा-बिस्किटांचे १५ रुपये मोडून पहिल्या दिवसापासून असे लाव. आईला सांगून शेंगदाण्याचे लाडू मागव. १ किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, ६०० ग्रॅम गुळासोबत कुटले की ४० लाडू होतात. आमच्याकडच्या भावाने शेंगदाण्याचे १४० आणि गुळाचे ३६ रुपये धरले, तर लाडू साडेचार रुपयांच्या आत बसतो आणि एकात जवळपास २०० कॅलरी असतात. रोज दोन लाडू, पाव लिटर गाईचे दूध आणि एक केळे एवढे घेतलेस, तर २९ ते ३० रुपयांत साधारण ६५० कॅलरी आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. चहा आणि बिस्किटांच्या पुड्यातून मिळणाऱ्या पावणेतीनशे वजा केल्या, तरी पावणेचारशेची भर पडतेच. दूध पिशवीचे, पाश्चराइज्ड घे आणि आणल्याबरोबर पिऊन टाक, कारण तुझ्याकडे ते ठेवायला फ्रिज नाही.

दुसरी गोष्ट त्या उरणाऱ्या चपातीची, आणि माझे लक्ष खरे तिथेच अडकले. साडेदहाला डबा आला की लगेच दोन चपात्या भाजीशी खाऊन क्लासला जा. दीड वाजता वरण-भात आणि एक चपाती खा. चौथीचा मलिदा कर: चपाती हाताने बारीक कुस्करायची, त्यात सुपारीएवढा गूळ आणि चमचाभर शेंगदाणा तेल घालून पाच मिनिटे मळायचे, म्हणजे गूळ विरघळतो आणि वातडपणा राहत नाही. तेल आणि गूळ घरूनच लहान बरण्यांत आण. डबीत भरून नेलेला हा मलिदा साडेतीनच्या मधल्या सुट्टीत खाल्लास, तर तुझी ती अंधारीची वेळ टळण्याची शक्यता बरीच आहे, कारण दीड ते नऊ असे साडेसात तास तू सध्या रिकाम्या पोटी काढतो आहेस. वाढत्या वयाच्या मुलाने एवढा उपास रोज करू नये.

डबा करणाऱ्या काकूंशीही बोल. भाजीपेक्षा वरण घट्ट द्या, आणि आठवड्यातून दोनदा मटकी, हरभरा किंवा चवळीची उसळ द्या, अशी विनंती केल्यास बहुतेक जणी ऐकतात. त्यांनाही डबा रिकामा परत आलेला आवडतो.

तालमीतला

वरील ताईंनी खाण्याचे सांगितलेच आहे, म्हणून मी फक्त मेहनतीचे सांगतो. कोल्हापूरच्या तालमीत माझी बारा वर्षे गेली. नवीन पोरगा आला की वस्ताद आधी त्याची झोप विचारायचे आणि खुराकाचे नंतर. रात्री दोनपर्यंत अभ्यास आणि सकाळी सहाला क्लास असे चालले असेल, तर भुकेचे वेळापत्रक आधीच मोडलेले असते. सात ते आठ तास झोप घ्यावी.

व्यायामशाळेचे शुल्क भरण्याची गरज नाही. खोलीतच एक दिवसाआड जोर आणि बैठका माराव्यात. पहिल्या आठवड्यात दहा-दहाचे दोन फेरे पुरेत. मग दर आठवड्याला प्रत्येक फेऱ्यात दोन-दोन वाढवावेत. मेहनतीशिवाय वाढलेले वजन पोटावर जाते, मेहनत असेल तर खांद्यांवर आणि मांड्यांवर दिसते. लांब पळणे मात्र सध्या टाळावे, कारण आहे तेच अन्न त्यात खर्ची पडेल.

आणखी एक सांगावेसे वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलोपर्यंतच्या बँटमवेट गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. लहान चणीच्या माणसाच्या अंगात किती ताकद असू शकते, हे तुम्हाला हाक मारणाऱ्या त्या मुलांना माहीत नसावे.

आरोग्य_सेविका

खाण्याचा सल्ला योग्य आहे. तरीही एकदा तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. १५८ सेंटिमीटर आणि ४१ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १६.४ येतो. या वयाला मोठ्या माणसांचा १८.५ चा निकष लावत नाहीत, वयानुसार तक्ता पाहतात. त्या तक्त्यावरही १६ वर्षांच्या मुलासाठी ही संख्या खालच्या मर्यादेजवळच आहे, आणि उंचीही कमी बाजूला आहे. घाबरण्याचे कारण नाही. काही मुले वयात उशिरा येतात आणि त्यांची उंची सतराव्या-अठराव्या वर्षीही वाढते. वडील किंवा मामा यांचे असेच झाले होते का, हे घरी विचारून ठेव, कारण डॉक्टर ते नक्की विचारतील.

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून हिमोग्लोबिन तपासून घे. अंधारी येण्याचे कारण भूक असेल तसे रक्त कमी असणेही असू शकते, आणि घरी पूर्ण शाकाहार असल्याने बी-१२ जीवनसत्त्वाविषयीही डॉक्टरांना विचार. जंताची गोळी शेवटची कधी घेतलीस? राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. गावाकडे शेतात अनवाणी फिरणाऱ्या मुलांत अंकुशकृमी आढळतात आणि ते रक्त शोषतात, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ समजू नये. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा किशोरवयीन मुलामुलींसाठी असते. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. जेवणात लिंबाची फोड घेतली, तर अन्नातले लोह अधिक चांगले शोषले जाते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, वारंवार जुलाब, सतत तहान आणि लघवी, किंवा खात असूनही वजन उतरणे, यांपैकी काहीही असेल तर लाडू बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचे. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. भूक वाढवणाऱ्या आणि महिन्यात गाल भरणाऱ्या सुट्या गोळ्या कोणी दिल्या तर घेऊ नकोस. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चेहरा सुजतो, तो भरल्यासारखा दिसतो, हाडे मात्र ठिसूळ होतात आणि वाढत्या मुलाची उंची खुंटते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अशा गोळ्या चार महिने घेतल्या आणि एके दिवशी एकदम बंद केल्या, तेव्हा तिला अशक्तपणाने रुग्णालयात दाखल करावे लागले. तिचे ते सुजलेले गाल पाहून आधी घरचे सगळे आनंदात होते.

अकरावी_विज्ञान

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी डबा आल्याबरोबर दोन चपात्या खाल्ल्या आणि साडेतीनला मलिदा खाल्ला. क्लासमध्ये पहिल्यांदाच शेवटच्या तासापर्यंत लिहून घेता आले. आईला फोन केला होता. ती म्हणाली की वडीलही बारावीनंतरच उंच झाले आणि लग्नातल्या फोटोत त्यांचा सदरा अंगावर लोंबतो आहे. शेंगदाणे घरचेच आहेत, त्यामुळे लाडवाला गुळाचाच खर्च येईल. मग जे ७ रुपये वाचतील त्यांचे काय घ्यावे? सोया चंक्स किटलीत करता येतात का? सोमवारी रुग्णालयात जाणार आहे.

गृहविज्ञान_शिक्षिका

करता येतात, पण किटलीत शिजवू नकोस, तळाला लागतात आणि किटली बिघडते. मूठभर, म्हणजे साधारण २५ ग्रॅम चंक्स डब्यात घेऊन त्यांवर उकळते पाणी ओत आणि झाकण लावून पंधरा मिनिटे ठेव. मग ते पाणी फेकून, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळून काढ, म्हणजे तो उग्र वास जातो. रात्रीच्या वरणात किंवा उसळीच्या रश्श्यात घालून खा. १०० ग्रॅम सुक्या चंक्समध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे एवढ्या मुठीतून १२-१३ ग्रॅम मिळतील आणि खर्च तीन-चार रुपयांचा. सुरुवातीला एक दिवसाआड घे, पोटात गुबारा धरतो का ते पाहा. उरलेल्या पैशांचे फुटाणे घेऊन दप्तरात ठेव.

वजन दर रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, त्याच दुकानातील त्याच काट्यावर कर आणि वहीत तारखेसह लिही. महिन्याला एक किलो वाढले तरी पुष्कळ झाले. दोन महिन्यांत काहीच वाढले नाही, तर ती वही घेऊन पुन्हा रुग्णालयात जा. सोमवारी हिमोग्लोबिन किती आले ते मात्र इथे आवर्जून कळव, मी वाट पाहते.